फुगवट्याकाठचे यजमान

कारखान्यांची धुराडी पेटली की बारामतीची हवा बदलते. सकाळी गॅलरीत उभं राहिलं की मळीचा गोडूस, जरासा आंबूस वास नाकात शिरतो. नवख्या माणसाला तो नकोसा होतो, आणि आम्हाला त्याच्याशिवाय थंडी पडल्यासारखी वाटत नाही. मग रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे डुलणाऱ्या दोन ट्रॉल्या, पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर बांधलेले भोंगे, आणि त्यांतून गाणी अशी की ट्रॅक्टर डिझेलवर नसून गाण्यावरच चालतो याबद्दल शंका राहू नये.

यंदा हा वास आला, आणि त्याच आठवड्यात पळसदेवहून पोपटतात्यांचा फोन आला.

"यजमान, पाखरं आली बरं का. कवा येताय?"

फोन मी स्पीकरवर ठेवला होता. चूक झाली. ओट्यापाशी सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, फोडणी देत होती. 'यजमान' हा शब्द कानावर पडल्यावर तिनं मोहरी जरा जास्तच तडतडू दिली.

या शब्दानं मराठीत मोठा घोटाळा करून ठेवला आहे. पाहुण्यांना या-बसा म्हणतो तो यजमान. पूजेला पाटावर बसून गुरुजी सांगतील तेव्हा पळीभर पाणी सोडतो तोही यजमान. आणि बायको चारचौघांत नाव न घेता ज्याच्याबद्दल बोलते तोही यजमानच. तिघांमध्ये साम्य एवढंच की कष्ट दुसरंच कुणीतरी करत असतं. हे मला मागच्या हिवाळ्यात कळलं. तोवर मी स्वतःला फक्त तिसऱ्या प्रकारचा यजमान समजत होतो.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात सांगून बसलो की आता आम्ही दोघं गाडीतच घर करून भारत बघणार. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस फसतो. मग खरोखरच एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, पलंग टाकला, शेगडी बसवली, आणि एक बेसिनही बसवलं, ज्यातलं पाणी खाली जाण्याऐवजी माझ्या उजव्या चपलेत जायचं.

सुनंदानं गाडी आतून पाहिली. पलंगावर बसली, हातानं माप घेतलं.

"दोघंच झोपतील ना इथं?"

"दोघंच."

"तिसरं कुणी आलं तर?"

"जागाच नाही."

"मग चालेल," ती म्हणाली, आणि इतकी प्रसन्न हसली की मला वाटलं, माझी सुतारकीची आवड तिला पटली.

सुतारकीचा काही संबंध नव्हता. आमचं बारामतीतलं घर एस.टी. स्टँडपासून चालत येण्याजोगं. वरकुट्याची, म्हणजे मूळ गावची, आमची भावकी मोठी आणि मायाळू. दवाखान्याला आलेले, मुलाच्या ॲडमिशनला आलेले, बस्ता बांधायला आलेले, शेवटची गाडी चुकलेले आणि शेवटची गाडी मुद्दाम चुकवलेले, सगळे आमच्याकडं. सुनंदानं लग्न होऊन उंबरा ओलांडला तो थेट परातीकडे. माहेरी ती थोरली लेक, त्यामुळे तिथंही गेली की पदर खोचूनच उभी.

"मला एकदा पाहुणी व्हायचंय," ती म्हणाली होती. "सकाळी उठावं तर चहा आयता. भाजी काय करायची हे मला कुणी विचारायचं नाही. आपण कन्याकुमारीला जाऊ. तिथं आपलं कुणी नाही."

'तिथं आपलं कुणी नाही' हे शब्द तिनं इतक्या समाधानानं उच्चारले, की एखाद्यानं देवाचं नाव घेतलं असतं तर त्याचा आवाजही एवढा ओला झाला नसता.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो, आणि गाडी वाटेतल्या कळस गावीच बंद पडली. बारामतीत घेतलेला चहासुद्धा अजून जिरला नव्हता. मिस्त्रीनं खाली शिरून सांगितलं की एक सामान पुण्याहून मागवावं लागेल, तोवर गाडी हळूहळू चालेल, पण फार लांब नाही. तिथंच ट्रॅक्टरचं पंक्चर काढायला आलेले एक गृहस्थ पान खात उभे होते. पांढरी टोपी, चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल कुतूहल.

"कुठं निगालाय?"

"कन्याकुमारी."

त्यांनी गाडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"मग आज पळसदेवपतुर या," ते म्हणाले. "आमच्या रानात लावा गाडी. पान्याकाठीच हाय. सामान आलं की मिस्त्री तितं यिऊन बसवंल."

हे पोपटतात्या.

त्या संध्याकाळचं पाणी मला अजून दिसतं. उजनीचा फुगवटा, म्हणजे धरणाचं पाणी मागं मागं सरकत लोकांच्या रानाच्या कडेला येऊन टेकतं, ती जागा. वारा पडलेला. सबंध पाणी घासून ठेवलेल्या ताटासारखं सपाट, आणि दूर त्याच्या कडेला एक फिकट गुलाबी रेघ. सुनंदा म्हणाली, "एवढं धुणं कुणी वाळत घातलंय हो?" आणि तेवढ्यात ते धुणं उडालं. सगळंच्या सगळं. आतून लाल-काळे पंख उघडत डोक्यावरून गेलं. आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. रोहित पक्षी पुस्तकात पाहिलेला असतो, पण पुस्तकातला रोहित असा आवाज करत जात नाही. तात्या मागे उभे राहून हे त्यांचं स्वतःचंच असल्यासारखे लाजत होते.

पाखरं बघायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी तात्यांनी उसाच्या कडेला चार तंबू मारले होते. पाखरं बघणाऱ्यांचा मालक पोपट, हा विनोद मी पहिल्याच संध्याकाळी केला. नंतर कळलं की तो प्रत्येकजणच करतो आणि तात्या प्रत्येकवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात.

अडचण वेगळीच होती. "लोक येत्यात," तात्या म्हणाले. "म्या त्यास्नी बघून हासतो. ते बी हासत्यात. मंग फुडं काय करायचं ते दोगास्नी बी कळत न्हाय. आन आता ऊसतोड आलीया, म्या रानात. मालन सैपाक बघंल. तुमी कालेजातली मानसं, बोलाय हुशार. सामान येस्तवर जरा या-बसा करा की."

पगार नाही. गाडीला जागा, विजेची वायर आणि तात्यांच्या मंडळींच्या, मालनकाकूंच्या, हातची भाकरी. मी हो म्हणालो. हो म्हणताना सुनंदाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हो म्हणता आलं नसतं, म्हणून तर पाहिलं नाही.

सामान आलं, बसलं, गाडी गुरगुरायलाही लागली. पण तोवर मी यजमान झालो होतो. तात्यांनी ट्रॉल्यांची पाठ रंगवणाऱ्या पेंटरकडून पाटी करून आणली. ठसठशीत अक्षरांत 'यजमान', दोन बाजूंना दोन गुलाब, आणि खाली पेंटरच्या हाताला सवयच, म्हणून 'हॉर्न वाजवा'. ती गाडीच्या दाराला लागली. काही पाहुणे खरंच वाजवायचे.

येणारी बाई दारात सुनंदाला विचारायची, "यजमान आहेत का?"

"कुणाचे?" सुनंदा म्हणायची. "माझे झोपलेत. कॅम्पचेही झोपलेत."

पांढरी गाडी बघून गावातल्या म्हाताऱ्यांचा असाही समज झाला की फिरता दवाखाना आलाय. एक आजी गुडघा धरून आली. "डाक्टरीण बाय, लई ठणकतंय बग." सुनंदानं नाही म्हणून सांगितलं, तर आजी म्हणाली, "व्हय व्हय, पर गोळी दे." शेवटी गुडघ्याला बाम लागला, पोटात चहा गेला, आणि दुसऱ्या दिवशी आजीनं आणखी दोघींना आणलं. आमच्या दोन माणसांच्या गाडीत तिघी गुडघे पुढं करून बसल्या होत्या आणि सुनंदा मध्ये वाकून दूध उतू जातंय का ते बघत होती. मी हे दृश्य बाहेरूनच पाहिलं. आत जायला जागा नव्हती.

तरी तो हिवाळा सुखाचा होता, निदान माझा. पाण्यावरचं धुकं सकाळी तंबूंच्या दोऱ्यांना लोंबकळत असायचं. कोळ्यांच्या होड्या परत यायच्या, त्यांतल्या चिलापी माशांना मालनकाकू मीठ-हळद चोळून तव्यावर टाकायच्या आणि तो वास थेट चौथ्या तंबूपर्यंत जाऊन माणसं उठवायचा. तुटलेल्या उसाच्या रानातून पाचटाचा खरखरीत वास यायचा. दुपारी ऊन पाण्यावर पडून उलटं तंबूंच्या छतावर नाचायचं. मी टोपी घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडायचो. पक्ष्यांची नावं मला चार येत होती. ती मी आळीपाळीनं वापरायचो.

एकच काम जमेना. सकाळी अकराला तंबू रिकामे करून घ्यायचे. गाद्या झटकायच्या असत, दुपारी नवे पाहुणे येत. "अकराला काडायचं," तात्यांनी बजावलं होतं. पण आलेल्या माणसाला 'आता निघा' म्हणायला माझी जीभ वळत नाही. आमच्याकडं पाहुण्यानं पिशवी उचलली की ती आपण ओढायची असते. तो म्हणतो, नको नको. आपण म्हणतो, हॅ, असं कसं, जेवल्याशिवाय? पिशवी दोन-तीनदा इकडून तिकडं होते आणि मग पाहुणा जातो. तो जाणार हे दोघांनाही ठाऊक असतं. पण ओढाओढ झाली नाही, तर त्यावरून वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

तेव्हा मी अकराला तंबूपाशी जायचो आणि मोठ्यांदा म्हणायचो, "निघालात? एवढी काय घाई? जेवून जा की!" पाहुणे म्हणायचे, "नको नको काका, निघतोच." आणि निघायचे. तंबू रिकामा. मला वाटलं, आपल्याला युक्ती सापडली.

मग चिंचवडहून नलावडे आले. नवरा-बायको आणि दोन मुलं, अतिशय सज्जन. रविवारी अकराला मी गेलो आणि म्हणालो, "एवढी काय घाई? जेवून जा की!"

नलावडे थबकले. बायकोकडं वळले. "बघ गं, काका किती आपुलकीनं म्हणतायत. हल्ली कोण म्हणतं एवढं?" आणि बॅगा परत आत गेल्या.

मालनकाकू त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेलेल्या. जेवून जा असं मी म्हटलं होतं. जेवण कोण करणार ते म्हटलं नव्हतं. सुनंदानं माझ्याकडं फक्त पाहिलं आणि पीठ काढलं. जेवणं झाली. नलावड्यांनी ढेकर दिली आणि बॅगांकडं पाहिलं. आता सगळं सुरळीत होणार, तोच माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आता उन्हाचं कुठं निघता? चहा घेऊन आरामात जा."

नलावड्यांचे डोळे भरून आले. "राहतोच मग आज," ते म्हणाले.

तेवढ्यात हॉर्न वाजला. साताऱ्याहून पाच बायका जीपमधून उतरत होत्या, निवृत्त शिक्षिका, दोन तंबू राखून ठेवलेल्या. त्यांतल्या एका तंबूत नलावड्यांची मुलं पत्ते मांडत होती. बाकीचे दोन पुण्याच्या मंडळींनी भरलेले.

रानातून आलेल्या तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "यजमान, हे पावनं तुमच्या सोयऱ्यातलं हायत व्हय?"

"नाही हो."

"मंग जाईनात का?"

तीन शिक्षिका तंबूत गेल्या, दोघींना आमची गाडी दिली, आणि आमचं अंथरूण तात्यांच्या पडवीत पडणार असं ठरलं. दोघंच झोपतील अशी खात्री करून घेतलेला पलंग सुनंदानं दोन अनोळखी बायकांसाठी झटकून दिला आणि बाहेर चुलीपाशी आली. संध्याकाळच्या जेवणाला तात्यांच्या घरच्यांसह पंगतच होती.

शिक्षिकांमध्ये शैलजाताई म्हणून एक थोराड, खणखणीत आवाजाच्या बाई होत्या. वर्गात खडू फेकून मारणाऱ्यांतल्या असाव्यात. त्या चुलीपाशी येऊन बसल्या. "वहिनी, सरा. मी थापते. तुम्ही बसा जरा."

सुनंदा बसली आणि लगेच उठली. तिला बसताच येईना. मग उभ्या उभ्या कांदा चिरू लागली.

"तुम्ही मूळच्या कुठं निघालेला गाडी घेऊन?"

"कन्याकुमारीला."

"कधी?"

"दिवाळी झाल्यावर."

तेव्हा माघ लागला होता. पाचही जणी खो खो हसल्या. सुनंदाही हसली. हसता हसताच म्हणाली, "काय सांगू ताई, घराला चाकं लागली, पण माझा ओटा काही हलला नाही."

तिनं हे भांडून म्हटलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं. भांडणात मी बरा आहे. ती हसून म्हणाली, आणि मी हातातली दुर्बीण उगाच पुसत राहिलो.

"आम्ही कन्याकुमारीलाच चाललोय," शैलजाताई म्हणाल्या. "आमच्यातली सहावी ऐनवेळी गळाली, लेकीचं बाळंतपण आधीच आलं. जागा रिकामी आहे. उद्या सकाळी निघतो. चला."

चूल तडतडली. एकीनं सवयीनं विचारलं, "पण यजमान काय म्हणतील?"

"त्यांचं काय," सुनंदा म्हणाली, "त्यांना पाहुण्यांचं बघायचंय." पण बोलताना चाकू थांबला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं, हे मला माझ्या अनुभवावरून माहीत होतं.

सकाळी ती आवरून उभी राहिली तेव्हा हातात एकच लहानशी पिशवी. जीप सुरू झालेली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की एका शब्दानं ती मागं फिरली असती. घरातल्या कुठल्याही बाईला परत फिरवायला एक शब्द पुरतो, आणि मी तर त्या एका शब्दाचा सराव केलेला माणूस. एवढी काय घाई. ओठांवर आलंच होतं. हात तर माझ्या परवानगीशिवायच पुढे गेला आणि त्यानं तिची पिशवी धरली.

ती पिशवी मी ओढली नाही. नेऊन जीपमध्ये ठेवली, खिडकीच्या जागेवर.

"जा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी निघालेल्या माणसाला जा म्हणालो असेन.

जीप धुरळा उडवत हायवेकडं गेली. मागं वळलो तर नलावड्यांचा तंबूही रिकामा. माझं लक्ष नाही असं बघून ते बिचारे पहाटेच सटकले होते.

चार-पाच दिवसांनी सुनंदाचा फोन आला. "अहो, इथं लॉजवर चहा खोलीत आणून देतात. मी कप विसळून दिला तर तो पोऱ्या घाबरला."

"मग?"

"मग काही नाही. शिकतेय हळूहळू." मग शैलजाताईंनी काढलेला एक फोटो आला. समुद्र थोडासाच, सुनंदा बरीचशी. एका खुर्चीत ती आणि दुसऱ्या खुर्चीवर तिचे पाय. मी तो तात्यांना दाखवला. त्यांनी तो लांब धरून निरखला. "वैनी हैत व्हय ह्या?" ते म्हणाले. "वळकू येईनात." मलाही आधी ओळखू आली नव्हती.

ती परतली तोवर पाणी उतरू लागलं होतं. काठचा गाळ उन्हानं तडकून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर डोकावत होतं, आणि गुलाबी रेघ रोज जरा पातळ होत होती. सुनंदा उन्हानं काळवंडलेली, आवाज मोठा झालेला. प्रवासातलं तिनं सांगायचं तेवढं सांगितलं. बाकीचं स्वतःपाशी ठेवलं, आणि मधूनच आठवून एकटीच हसायची. मी विचारलं नाही. पाहुण्याची बॅग उघडून बघत नाहीत.

तर यंदा तात्यांचा फोन आला, मोहरी तडतडली, आणि मी हळूच म्हणालो, "यंदा नको असेल तर नाही म्हणून टाकतो."

तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला. "तात्या, नमस्कार. एक तंबू माझ्या नावानं ठेवा. हो, माझ्या एकटीच्या. हो, पैसे भरून. यजमान राहतील त्यांच्या गाडीत."

पलीकडं तात्या हसताना ऐकू आले. "व्हय वैनी, राखतो की. पर पावनीचं बगनार कोन? मालन म्हनती, ती न्हाय बगायची, यजमानांनी बगायचं."

"बघतील ते," सुनंदा म्हणाली.

गेल्या आठवड्यात मी गाडी घेऊन पुढे आलो. ती माझ्याबरोबर आली नाही. पाहुणी यजमानाच्या गाडीतून येते का, हा तिचा प्रश्न बिनतोड होता. एस.टी.नं आली, फाट्यावर उतरली आणि उसामधल्या वाटेनं पिशवी हलवत चालत आली. मी तंबूपाशी उभा होतो.

"या," मी म्हणालो. इतक्या वर्षांत तिला कधी 'या' म्हटलं नव्हतं. दोघांनाही जरा लाजल्यासारखं झालं.

ती खुर्चीत बसली. मागं टेकून बसली. पाण्यावर तीच गुलाबी रेघ, तिच्यापुढं दोन-चार होड्या. "पाणी यंदा छान आहे," ती म्हणाली. भाजी काय करायची हे तिला मी विचारलं नाही. गाडीत शिरलो, शेगडी पेटवली, आलं ठेचलं, दूध उतू जाऊ दिलं नाही. बशीत कप ठेवून, खाली सांडू न देता, तिच्यापुढं नेऊन धरला. तिनं एक घोट घेतला. क्षणभर थांबली.

"छान झालाय हं," ती म्हणाली.

आमच्या संसारात माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थाला हा शब्द मिळालेला नव्हता. पातळ झालाय, उकळला नाही, पत्ती कसली टाकलीत, हे मला पाठ होतं. मी तसाच आत गेलो आणि उरलेला चहा माझ्या कपात ओतला.

साखर घालायची राहिली होती.

खिडकीतून पाहिलं, तर ती पाखरांकडं बघत सावकाश, कप संपेपर्यंत, तो चहा पीत होती.